नवा लिव्हर बसवल्यापासून पुढचा ब्रेक धरतोय? आधी लिव्हर आणि पिस्टनमधली फट बघा

सकाळी गाडी काढली की सगळं ठीक असतं. ब्रेक लागतो, सुटतो, चाक हाताने फिरवलं तर फिरतं. तीस-चाळीस किलोमीटर झाले, घाटात दहा-बारा वेळा ब्रेक मारला की गाडी पुढून जड वाटायला लागते. रेस तेवढीच, पण गाडी ओढत नाही. सकाळी थोडा आत गेल्यावर लागणारा ब्रेक आता बोट टेकताच लागतो, लिव्हर दगडासारखा टणक होतो. मग जळका वास. थांबून चहा घेतला, वीस मिनिटं गेली, की चाक पुन्हा मोकळं. गॅरेजला नेईपर्यंत गाडी थंड झालेली असते, म्हणून मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी अशी एक तरी गाडी येते. येताना तिच्यावर झालेल्या कामाची यादी सोबत असते. पॅड नवे टाकले, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलून साफ केला, ऑइल बदललं, एकाने तर मास्टर सिलेंडरचं, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक पंपाचं, किट बदललं. प्रत्येक कामानंतर चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मी एकच विचारतो, ‘लिव्हर कधी बदलला?’ तेव्हा आठवतं. गिऱ्हाईक ही गोष्ट आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी लिव्हर म्हणजे दिसायची वस्तू, ब्रेकचा भाग नव्हे.

कराडला माझं गॅरेज आहे. इथून चिपळूणला जाणारी पोरं कुंभार्ली घाट उतरतात, आणि या दुखण्याची खरी परीक्षा त्याच उतारावर होते. हे लिहायला बसलो त्याला कारण माझा पुतण्या. त्याच्या गाडीची गोष्ट पुढे येईलच. आधी आत काय होतं ते सांगतो. ते कळलं की बाकीचं शोधणं सोपं जातं.

पंपाच्या आत दोन भोकं असतात

हँडलवर ब्रेक ऑइलची जी छोटी डबी असते, तिच्या तळाला दोन भोकं असतात. एक मोठं, आणि दुसरं सुईच्या टोकाएवढं. दोन्ही खालच्या नळीत उघडतात आणि त्या नळीत पिस्टन पुढे-मागे सरकतो. पिस्टनच्या पुढच्या बाजूला वाटीसारखं रबरी सील असतं. लिव्हर सोडलेला असताना हे सील बारीक भोकाच्या मागे, म्हणजे लिव्हरच्या बाजूला, उभं राहिलं पाहिजे. तसं असेल तरच कॅलिपरपासून डबीपर्यंतचा रस्ता उघडा राहतो.

हा रस्ता उघडा का हवा? ब्रेक मारला की डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलला लागते. तापलेलं ऑइल फुगतं. फुगलेलं जास्तीचं ऑइल त्या बारीक भोकातून डबीत परत जातं आणि आपल्याला काही कळतही नाही.

आता नव्या लिव्हरचं जे नाक पिस्टनला टेकतं, ते मूळ लिव्हरपेक्षा अर्धा मिलिमीटर लांब आहे असं धरा. लिव्हर सोडलेला असतानाही पिस्टन अर्धा मिलिमीटर आत ढकललेला राहणार. तेवढ्याने सीलचा काठ बारीक भोकावर येतो आणि भोक बुजतं. थंड असताना काही जाणवत नाही, कारण पॅड-डिस्कमध्ये जेमतेम का होईना मोकळीक असते. ऑइल तापलं की फुगायला जागा नाही, म्हणून ते कॅलिपरचा पिस्टन बाहेर ढकलतं. पॅड डिस्कला घासतो, घासून आणखी तापतो, ऑइल आणखी फुगतं. हे चक्र एकदा सुरू झालं की ब्रेक न मारताही चाक धरतं.

यात आणखी एक भर पडते. वाटीसारखं सील एकाच बाजूने अडवतं. लिव्हर सोडताना मागचं ऑइल सीलच्या कडेवरून पुढे जाऊ शकतं, पण पुढचं मागे येऊ शकत नाही. म्हणजे भोक बुजलेलं असताना प्रत्येक वेळी ब्रेक दाबून सोडला की थोडं ऑइल पुढे भरलं जाण्याची शक्यता असते, आणि परतीची वाट बंद. घाटात ब्रेक जास्त मारला म्हणून धरला असं जे वाटतं, त्यातला हा भाग कुणी सांगत नाही.

एअर काढल्यावर चार दिवस बरे का जातात, तेही यातच आहे. कॅलिपरवरचा निपल, म्हणजे एअर काढायची तोटी, उघडल्यावर अडकलेला दाब निघून जातो. लिव्हर मात्र तोच असतो.

पुतण्याची गाडी

दोनशे सीसीची गाडी. त्याने ऑनलाइन लाल-काळे सीएनसी (मशीनवर कापलेले) लिव्हर मागवले, व्हिडिओ बघून घरीच बसवले. दिसायला सुरेख होते, घडी होणारे, लांबी कमी-जास्त होणारे. आठवड्याने म्हणाला, ‘काका, पुढचा ब्रेक धरतोय.’ मी कॅलिपर खोलला. पिनांना थोडा गंज होता, साफ केला, ग्रीस लावलं, पिस्टन आत-बाहेर केले, नवं ऑइल भरलं. कारण सापडलं असं मला वाटलं. लिव्हरकडे मी बघितलंच नाही आणि ती चूक माझी. दहा दिवसांनी तो मित्राच्या घरी अलोऱ्याला निघाला.

घाटाच्या पायथ्याच्या पोफळीच्या अलीकडे उतारावर त्याला वास आला. गाडी कडेला घेतली तेव्हा पुढचं चाक ढकलूनही हलत नव्हतं. फोनवर त्याचा आवाज कापत होता. त्या उतारावर एखादं वळण आणखी पुढे गेल्यावर चाक धरलं असतं तर काय झालं असतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मी त्याला म्हणालो, ‘डिस्कवर पाणी ओतू नको. हात लावू नको. टूलकिटमधला दहाचा पाना काढ. लिव्हरच्या खालचा नट सोड, वरचा बोल्ट फिरवून काढ, आणि लिव्हर पूर्ण बाहेर घे.’ त्याने लिव्हर काढला, मी फोन धरून होतो. पलीकडून म्हणाला, ‘काका, चाक फिरायला लागलं.’ कॅलिपर, पॅड, ऑइल, किट यांतलं काहीच दोषी नाही, हे त्याच क्षणी सिद्ध झालं. मी त्याला तिथेच थांबायला सांगितलं, कारण पुढच्या ब्रेकशिवाय घाटात एक वळणही गाडी चालवायची नाही. जुना लिव्हर त्याने खोक्यात जपून ठेवला होता. तो खिशात घालून मी निघालो.

घरी आल्यावर दोन्ही लिव्हर शेजारी ठेवले, बोल्टच्या भोकातून एकच पिन आरपार घातली, आणि नाकं एकमेकांवर ठेवून बघितली. नव्याचं नाक नखाच्या जाडीइतकं पुढे आलेलं. हातात धरून बघितलं असतं तर कधीच दिसलं नसतं.

लिव्हरच दोषी आहे हे कसं ठरवायचं

गाडी गरम असताना, म्हणजे त्रास होत असतानाच, ही तपासणी करा. थंड गाडीवर केलेली तपासणी फसवते. जवळच्या रस्त्यावर ब्रेक मारत मारत गाडी तापवा, पण वर्दळीत नाही आणि घाटात तर नाहीच. पुढचं चाक उचलून धरायची सोय करा. हाताने फिरवा. जड असेल तर लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला घ्या. चाक लगेच सुटलं तर लिव्हर पिस्टनला दाबून ठेवतोय, शोध संपला.

लिव्हर काढूनही सुटलं नाही तर कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून आठच्या पान्याने पाव आटा उघडा. ऑइल चिळकन आलं आणि चाक सुटलं, तर दाब अडकलेला आहे, पण कारण वेगळं आहे: पंपातलं बारीक भोक कचऱ्याने बुजलंय, किंवा पाइप आतून फुगून वाट बंद झालीय. निपल उघडूनही चाक जडच असेल, तर मामला कॅलिपरचा: पिस्टन अडकलाय, पिना गंजल्यात, किंवा चाकाचं बेअरिंग. या तीन पायऱ्यांनी पैसे कुठे घालायचे ते कळतं. पॅड बदलण्यापासून सुरुवात करणं म्हणजे ताप आल्यावर आधी चष्मा बदलण्यासारखं आहे.

थंड गाडीवर करायची एक खात्रीची तपासणी मात्र आहे, आणि मला ती सर्वांत आवडते. डबी सपाट राहील असं हँडल फिरवा. टाकीवर ओलं फडकं पसरा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. डोळ्यांवर चष्मा असू द्या. डबीचं झाकण आणि रबराचा पडदा काढा. आता लिव्हर अगदी सावकाश, दोन-तीन मिलिमीटर, दाबा आणि ऑइलच्या तळाकडे बघा. भोक उघडं असेल तर दाबायला सुरुवात होताच तळातून एक बारीक लाट वर येते. जोरात दाबलं तर कारंज्यासारखं उडतं, म्हणून सावकाश. लाट आली म्हणजे रस्ता उघडा होता आणि आता सीलने तो बंद केला, जसं व्हायला हवं तसं. काहीच हललं नाही, तर भोक आधीच बंद होतं. मग लिव्हर काढा आणि पिस्टन बोथट लाकडी काडीने किंचित दाबून बघा. आता लाट आली, म्हणजे दोष लिव्हरचा.

झाकण उघडलंच आहे तर पातळीही बघा. ऑइल वरच्या रेषेच्या वर गच्च भरलेलं असेल तर फुगलेल्या ऑइलला डबीतही जागा नसते. झिजलेल्या पॅडवर डबी काठोकाठ भरायची, आणि मग नवे पॅड टाकताना कॅलिपरचे पिस्टन आत ढकलायचे, ही सवय फार आहे. ढकललेलं ऑइल डबीतच येतं. ते काढून पातळी दोन रेषांच्या मध्ये ठेवा.

बसवताना

नवा लिव्हर हातात आला की आधी जुन्याशी जुळवा. बोल्टच्या भोकातून एकच पिन घाला आणि तीन जागा बघा: पिस्टनला टेकणारं नाक, ब्रेकच्या दिव्याच्या स्विचला टेकणारी जीभ, आणि ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये बसणारी जाडी. नाकात फरक दिसला तर लिव्हर परत करा. माझ्याकडे पोरं कानस घेऊन येतात, ‘थोडं घासून द्या ना’. मी घासत नाही. मूळ नाक गोलसर असतं आणि पिस्टनच्या मधोमध टेकतं. हाताने घासलं की ते चपटं किंवा तिरकं होतं, पिस्टनला एका बाजूने ढकलतं, आणि सील व नळी एकांगी झिजतात. हजार-पाचशेच्या लिव्हरपायी पंप खराब करायचा का?

काही लिव्हरना नाकाच्या जागी छोटा स्क्रू आणि लॉकनट असतो. तो घासायची गरज नसते, मागे घेता येतो. पण मागे घेतल्यावर लॉकनट नीट आवळा आणि आट्यांना थ्रेडलॉक (आटे सरकू न देणारा द्रव) लावा, कारण हा स्क्रू सरकला तर तेच संकट परत.

काही मूळ लिव्हरच्या भोकात पितळी बुश असतो. तो जुन्यातच राहतो, नव्यात बोल्ट सैल बसतो, आणि लिव्हर वर-खाली खुळखुळतो. बुश काढून नव्यात बसतो का बघा. बसत नसेल तर ती जोडी जमत नाही.

कानांमध्ये लिव्हर सरकवताना जोर लागता कामा नये. रंगाचा थर भोकात असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा. बोल्टला थोडं ग्रीस, नाकाच्या टोकाला सिलिकॉनचं ग्रीस. साधं पेट्रोलियम ग्रीस पिस्टनच्या जवळ नको, कारण ब्रेकची सीलं ज्या रबराची असतात ते पेट्रोलियमने फुगतं. फुगलेलं सील पिस्टन मागे येऊ देत नाही, आणि चाक धरण्याचं वेगळंच कारण तयार होतं.

बोल्ट आवळण्यात बरेच जण चुकतात. ही जोडी दोन भागांची असते: वरून बोल्ट, खालून लॉकनट. आधी बोल्ट हलक्या हाताने बसवा, लिव्हर मोकळा फिरतो का बघा. मग बोल्ट वरून धरून ठेवा, फिरू देऊ नका, आणि नट आवळा. बोल्ट न धरता नट आवळला की बोल्टही सोबत फिरतो, ब्रॅकेटचे दोन कान लिव्हरला चिमटीत धरतात आणि लिव्हर परत येतच नाही. होंडाच्या कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बोल्टला फक्त १ न्यूटन-मीटर आणि नटला ६ न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. म्हणजे बोल्ट जवळजवळ बोटाने बसवल्याएवढाच. अंगाचा जोर लावायची ही जागा नव्हे. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या.

आता सैलपणा मोजा. बोल्टपासून नाक साधारण अडीच सेंटिमीटरवर आणि लिव्हरचं टोक पंधरा सेंटिमीटरवर असेल, तर नाकाची हालचाल टोकाला सहापट होऊन दिसते. नाक आणि पिस्टनमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर टोकाला जवळजवळ तीन मिलिमीटर सैल लागेल. दोन बोटांत टोक धरून हलवा. काहीही दाबल्याचं न जाणवता टोक दोन-तीन मिलिमीटर हललं पाहिजे. ‘ब्रेक लगेच लागावा’ म्हणून हा सैलपणा काढून टाकायची हौस बऱ्याच जणांना असते. तो सैलपणाच बारीक भोक उघडं ठेवतो.

लिव्हरचं ग्रिपपासूनचं अंतर कमी-जास्त करायचं चाक असेल तर १ पासून ६ पर्यंत प्रत्येक आकड्यावर हा सैलपणा पुन्हा तपासा. चांगल्या लिव्हरमध्ये आकडा बदलला तरी नाक जागेवर राहतं. हलक्या लिव्हरमध्ये ३ वर सैलपणा असतो आणि ६ वर नाहीसा होतो. पुतण्याच्या लिव्हरला तोही दोष होता. आणि हँडलच्या सर्वांत जवळच्या आकड्यावर ठेवून पूर्ण जोरात दाबा: लिव्हर ग्रिपला टेकता कामा नये, उरलेली बोटं मध्ये चेंगरता कामा नयेत. दोन बोटांचे आखूड लिव्हर घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा की लांबी कमी झाली की तेवढाच ब्रेक लावायला जोर जास्त लागतो. घाटात हात दुखतो तेव्हा ते कळतं.

दिवा आणि क्लच

ब्रेकच्या स्विचकडे दुर्लक्ष करू नका. काही गाड्यांत लिव्हर सुटलेला असताना त्याची जीभ स्विच दाबून धरते, काहींत उलट असतं. जीभ एक मिलिमीटर आखूड किंवा लांब असली की मागचा लाल दिवा कायम चालू राहतो किंवा लागतच नाही. दोन्ही सारखेच घातक, मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, चावी फिरवा, पुढचा ब्रेक दाबा-सोडा आणि भिंतीवरचा लाल उजेड बघा. सगळ्या आकड्यांवर बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही बघा.

क्लचच्या बाजूला दाब अडकण्याचा प्रश्न नसतो, बहुतेक गाड्यांत तिथे केबल असते. पण बोल्टपासून केबलच्या गोळीपर्यंतचं अंतर मूळ लिव्हरपेक्षा कमी असेल तर केबल कमी ओढली जाते, क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही. जास्त असेल तर क्लच जड होतो. टोकाला एक-दीड सेंटिमीटर सैल ठेवा, मॅन्युअलमध्ये साधारण एवढंच सांगितलेलं असतं. गिअरमध्ये क्लच दाबून सेल्फ मारला आणि गाडी सुरूच झाली नाही, तर बॅटरीवर संशय घेण्याआधी क्लचच्या स्विचला लिव्हरची जीभ पोचते का ते बघा.

स्कूटरवाल्यांसाठी थोडक्यात: जिथे डाव्या लिव्हरने दोन्ही ब्रेक लागतात, तिथे तो लिव्हर बाहेरचा बसवू नका. एकाच ओढीत दोन्ही चाकांना किती ब्रेक जायचा हे त्या जोडणीत ठरलेलं असतं.

आणि ‘माझ्या गाडीला एबीएस आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं, त्यामुळे आता बऱ्याच जणांकडे आहे. पण ते ब्रेक मारताना चाक लॉक होऊ नये म्हणून. लिव्हरने बुजवलेलं भोक उघडणं हे त्याचं काम नाही.

एकदा चाक धरलं असेल तर

लिव्हर बदलून काम संपत नाही. त्या उष्णतेत काय भाजलं ते बघायचं. डिस्कवर निळसर झाक आली असेल तर डायल गेजने ती वाकली आहे का तपासा, आणि जाडी मोजा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॅड बदला. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीची धुळीची सीलं कडक झालीत का बघा. आणि ऑइल बदलाच. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) चं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पण हवेतला ओलावा पिऊन बसलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. कोकणात पावसाळा काढलेल्या गाडीचं ऑइल जुनं असेल आणि त्यात चाक धरलं, तर ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. आधी ब्रेक सुटत नव्हता, आता लागत नाही. डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच भरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ नाव जवळचं असलं तरी डॉट ५ पेक्षा वेगळं आहे.

लिव्हर विकत घेताना टोकाकडे बघा. शर्यतीच्या गाड्यांना एफआयएम या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत लिव्हरच्या टोकाला किमान १६ मिलिमीटर व्यासाचा गोळा लागतो, पडल्यावर टोक कुणाच्या अंगात घुसू नये म्हणून. रस्त्यावरच्या गाडीला त्याच कारणासाठी तो हवा. धारदार टोकाचा लिव्हर कितीही सुंदर असला तरी मी बसवून देत नाही. टोकाजवळ खाच असेल तर ती दोष नव्हे. गाडी पडली की लिव्हर तिथेच तुटावा आणि उरलेल्या भागावर घरी येता यावं, यासाठी ती केलेली असते. तुटलेला लिव्हर वेल्डिंग करून वापरू नका.

पुतण्याच्या गाडीला आता मूळ लिव्हर आहे. पॅड आणि ऑइल नवे टाकले, डिस्क सरळ निघाली. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन पुन्हा कुंभार्ली उतरलो, तो पुढे, मी मागे. पोफळीत थांबून त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मला हँडल धरायला लावलं, मागची बाजू दाबून पुढचं चाक उचललं आणि बोटाने ढकललं. चाक अडीच फेरे फिरून थांबलं. मग लिव्हरचं टोक दोन बोटांत धरून हलवलं. दोन मिलिमीटर सैल. त्याच्या सीटखाली आता दहाचा पाना असतो, आणि नवा लिव्हर बसवलेल्या मित्राच्या गाडीवर बसण्याआधी तो ते टोक हलवून बघतो.